मोटारसायकलची सर्व्हिसिंग घरच्या घरी : खर्च कुठे वाचतो आणि कुठे वाचवू नये

मोटारसायकलच्या देखभालीवर होणाऱ्या खर्चाचे ढोबळमानाने तीन वाटे पडतात: सुट्या भागांची किंमत, मजुरी आणि गरज नसताना बदललेले भाग. नव्याने गाडी घेतलेला माणूस बहुधा पहिल्या वाट्यावरच घासाघीस करत बसतो. तिसऱ्या वाट्याकडे त्याचे लक्ष जात नाही, आणि खिशाला सर्वांत मोठे भोक तिथेच पडलेले असते. चेन नुसती कोरडी पडलेली असताना चेन-स्प्रॉकेटचा (स्प्रॉकेट म्हणजे चेन ज्यावर फिरते ते दातेरी चाक) पूर्ण संच बदलला जातो, बॅटरीचे टर्मिनल सैल असताना नवी बॅटरी बसते, एअर फिल्टर तुंबलेला असताना कार्ब्युरेटर उघडला जातो. आपल्या गाडीला नेमके काय हवे आहे हे स्वतः पाहून आणि मोजून ठरवता आले, तर स्वस्त दुकान शोधण्यापेक्षा कितीतरी जास्त पैसे वाचतात. म्हणून या लेखात आधी भाग ओळखण्याविषयी आणि मग प्रत्यक्ष कामाविषयी लिहिले आहे.

एक सूचना सुरुवातीलाच देतो. गाडी वॉरंटीत असेल, तर ठरलेल्या सर्व्हिस अधिकृत केंद्रातच करून घ्याव्यात किंवा निदान वॉरंटीच्या अटी नीट वाचून घ्याव्यात. त्या काळात चेनची निगा, हवेचा दाब आणि बॅटरीची तपासणी एवढीच कामे घरी करत राहिले, तरी हात बसायला पुरेसे आहे.

पहिली पायरी : कागदपत्रे

गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका बहुतेकजण डिकीत टाकून विसरून जातात. त्या पुस्तिकेत ऑइल किती आणि कोणत्या प्रतीचे, प्लग कोणता, टायरमध्ये हवा किती, चेनला ढिलाई किती, ब्रेक पॅड कुठवर झिजू द्यायचे, हे सारे छापलेले असते. तिच्या पुढचे पुस्तक म्हणजे मेकॅनिकसाठी असलेले सर्व्हिस मॅन्युअल. त्यात प्रत्येक बोल्ट किती न्यूटन मीटर (आवळण्याच्या जोराचे माप) आवळायचा याचे कोष्टक असते. तिसरा दस्तऐवज म्हणजे पार्ट्स कॅटलॉग, ज्यात इंजिनाचा आणि चॅसिसचा प्रत्येक भाग सुटा करून चित्रात मांडलेला असतो आणि प्रत्येक चित्रासमोर त्याचा क्रमांक असतो. हे तिन्ही हाताशी असल्याशिवाय पाना हातात घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. व्हिडिओ पाहून शिकण्यात वाईट काही नाही, पण त्यातली गाडी आपल्याच मॉडेलची आणि आपल्याच वर्षाची असेल याची खात्री नसते.

दुसरी पायरी : भाग ओळखायला शिकणे

पार्ट नंबर कळला, की खरेदीची निम्मी फसवणूक टळते. एकच कंपनी आपल्या अनेक मॉडेलांत तोच केबल, तोच लिव्हर, तोच फिल्टर वापरते. दुकानदाराला मॉडेलचे नाव सांगितले तर तो त्या नावाच्या डब्यातून भाग काढून देतो. क्रमांक सांगितला तर तोच भाग दुसऱ्या मॉडेलच्या नावाने सहज मिळून जातो. क्रमांकाच्या शेवटची अक्षरे बदललेली दिसली, तर त्या भागात कंपनीने सुधारणा केली असण्याची शक्यता असते किंवा नुसता रंग बदललेला असतो. असे असेल तेव्हा विचारून घ्यावे.

काही भाग तर गाडीच्या कंपनीचे नसतातच. ते जागतिक मापांचे असतात आणि कंपनी ते फक्त आपल्या पाकिटात घालून विकते. बेअरिंग हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. चाकातल्या बेअरिंगच्या कडेवर ६३०१ असा आकडा कोरलेला असेल, तर त्याचा आतला व्यास १२ मिलिमीटर, बाहेरचा ३७ मिलिमीटर आणि जाडी १२ मिलिमीटर असते; ते कोणत्याही कारखान्यात तयार झाले तरी ही मापे बदलत नाहीत. ६२०२ असेल तर मापे १५, ३५ आणि ११ होतात. आकड्यापुढे २आरएस असेल, तर दोन्ही बाजूंना रबरी सील असते. झेडझेड असेल, तर पत्र्याचे झाकण असते. चाकासाठी रबरी सीलचे घ्यावे, कारण तिथे पाणी आणि चिखल दोन्ही येतात. बेअरिंगच्या दुकानात हा आकडा सांगून नावाजलेल्या कारखान्याचे बेअरिंग घेतले, तर दर्जात तडजोड न करता खर्च कमी होतो. ऑइल सीलचेही तसेच आहे: आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी ही तीन मापे सीलवरच छापलेली असतात.

चेनच्या बाबतीत ४२८ किंवा ५२० असे आकडे दिसतात. त्यातला पहिला आकडा दोन पिनांमधले अंतर इंचाच्या आठव्या भागांत सांगतो. म्हणजे ४ असेल तर अर्धा इंच, अर्थात १२.७ मिलिमीटर, आणि ५ असेल तर १५.८७५ मिलिमीटर. पुढचे दोन आकडे रुंदीचे असतात. याखेरीज कड्यांची संख्या जुळावी लागते. एवढे ठाऊक असले, की चेनही गाडीच्या कंपनीकडूनच घेतली पाहिजे असे राहत नाही.

स्पार्क प्लगबाबत मात्र जपून राहावे. प्लगच्या क्रमांकात आट्यांचा व्यास, आट्यांची लांबी आणि उष्णतेची श्रेणी दडलेली असते. एनजीके या कारखान्याच्या क्रमांकात आकडा जितका मोठा तितका प्लग ‘थंड’, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारा, तर बॉशच्या क्रमांकात याच्या बरोबर उलट. म्हणून आकडे जुळवून अंदाजाने प्लग घेऊ नये. पुस्तिकेत दिलेला किंवा प्लगच्या कारखान्याच्या तक्त्यात त्याला समकक्ष म्हणून दाखवलेलाच घ्यावा. आट्यांची लांबी जास्त निघाली, तर प्लगचे टोक पिस्टनवर आपटू शकते, आणि तेव्हा प्लगवर वाचवलेल्या पैशाचे काय होते हे सांगायला नको.

इंजिन ऑइलमध्ये नवख्यांची चूक दोन्ही टोकांना होते. काहीजण कारचे ऑइल स्वस्त पडते म्हणून ते घालतात. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिनाच्याच तेलात बुडालेला असतो, आणि इंधन वाचवण्यासाठी कारच्या अनेक तेलांत घातलेली घर्षण कमी करणारी द्रव्ये क्लच प्लेटांना घसरवतात. यासाठी डब्याच्या मागे जासो (मोटारसायकलच्या तेलाचे जपानी मानक) एमए किंवा एमए२ अशी नोंद आहे का ते पाहावे. एमबी लिहिलेले तेल कोरड्या क्लचच्या स्कूटरांसाठी असते. दुसऱ्या टोकाला काहीजण सर्वांत महागडे सिंथेटिक तेल घालतात, जेव्हा त्यांच्या छोट्या इंजिनासाठी कंपनीने साधे तेलच सांगितलेले असते. पुस्तिकेत १०डब्ल्यू-३० अशी तेलाच्या दाटपणाची श्रेणी लिहिली असेल आणि सोबत जासोची योग्य श्रेणी असेल, तर नामांकित कारखान्याचे कोणतेही तेल चालते. डब्यावर गाडीच्या कंपनीचे नाव असलेच पाहिजे असे नाही.

आता जुन्या बाजारातल्या भागांविषयी. आरसे, इंडिकेटर, फूटरेस्ट, लिव्हर, साइड पॅनेल, पेट्रोलची टाकी, मडगार्ड हे भाग जुने घ्यायला हरकत नाही. त्यांचा दोष डोळ्यांना दिसतो. ब्रेकचे पॅड, ब्रेकची रबरी नळी, टायर, चेन आणि अपघातात सापडलेल्या गाडीची चाके किंवा फोर्क (पुढच्या चाकाला धरणाऱ्या नळ्या) जुने घेऊ नयेत, कारण त्यांचा दोष रस्त्यावरच कळतो. टायर नवा म्हणून घेतला तरी त्याच्या बाजूवर अंडाकृती चौकटीतले चार आकडे वाचावेत: पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. २३२४ म्हणजे २०२४ सालच्या २३व्या आठवड्यात तयार झालेला टायर.

नकली माल ओळखण्याची हमखास युक्ती नाही. तरीही जुना भाग सोबत नेऊन वजन, ओतकामाची सफाई आणि छपाईतली अक्षरे ताडून पाहिली, तर बरेच काही उघडे पडते. बाजारभावाच्या निम्म्या किमतीत मिळणारा ‘ओरिजिनल’ फिल्टर ओरिजिनल नसतो, एवढे धरून चालावे.

तिसरी पायरी : हत्यारे

हत्यारांचा मोठा पेटारा सुरुवातीलाच आणू नये. ८ ते १९ मिलिमीटरपर्यंतचे चांगल्या पोलादाचे रिंग पाने, अॅलन कीचा संच, प्लगचा पाना, पक्कड, बारीक फट मोजायचे फीलर गेज, हवेचा दाब मोजायचे गेज, व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर, नरसाळे आणि तेल झेलायला पसरट भांडे एवढ्यावर वर्षभराची कामे होतात. उघड्या तोंडाच्या पान्यापेक्षा रिंग पाना नेहमी बरा, कारण तो नटाला सर्व बाजूंनी धरतो आणि कोपरे गोल करत नाही. अधिकच्या चिन्हाचे स्क्रू असतील तर एक बारकावा लक्षात घ्यावा: जपानी बनावटीच्या अनेक गाड्यांवरचे असे स्क्रू फिलिप्सचे नसून जेआयएस या जपानी मानकाचे असतात, आणि डोक्यावर पुष्कळदा एक बारीक ठिपका असतो. त्यात फिलिप्सचा ड्रायव्हर तळापर्यंत बसत नाही आणि स्क्रूचे तोंड खराब होते.

ज्या हत्यारावर पैसे खर्च करावेत असे मी आग्रहाने सांगेन ते म्हणजे टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या जोराइतकेच आवळता येणारा पाना. इंजिनाचे केसिंग अॅल्युमिनियमचे आणि बोल्ट पोलादाचा असतो; जोर जास्त लागला तर आटे केसिंगचेच जातात. सहा मिलिमीटर आट्यांच्या साध्या बोल्टला साधारण १० न्यूटन मीटर पुरते, जे मनगटाच्या हलक्या झटक्याइतकेच असते. हाताच्या अंदाजाने आवळणारा नवखा माणूस हमखास याच्या दुप्पट जोर लावतो.

चौथी पायरी : ऑइल बदलणे

गाडी तीन-चार मिनिटे चालू ठेवून इंजिन कोमट करावे. तेल पातळ होते आणि तळाचा गाळ त्याच्याबरोबर बाहेर येतो. नंतर गाडी सपाट जागी मेन स्टँडवर लावावी, आणि खालचा बोल्ट उघडण्यापूर्वी वरचे तेल भरायचे झाकण उघडते आहे याची खात्री करून घ्यावी. हा क्रम विनोदी वाटेल, पण तेल काढून टाकल्यावर झाकण अडकलेले आढळले तर गाडी दुकानापर्यंत नेताही येत नाही.

खालचा बोल्ट सैल करताना त्याच्या डोक्याकडे समोरून पाहत आहोत असे समजून पाना घड्याळाच्या उलट दिशेने फिरवावा. माझ्या पहिल्या प्रयत्नात मी वरून वाकून पाना फिरवला, दिशेचा गोंधळ झाला आणि सैल करतो आहे असे समजून बोल्ट आणखी आवळत गेलो. अचानक पाना हलका झाला, आणि मला वाटले की बोल्ट सुटला. सुटले होते ते केसिंगमधले आटे. त्या वर्षी मजुरीत जे वाचणार होते ते सगळे नवे आटे पाडून घेण्यात गेले.

तेल पूर्ण गळू द्यावे; घाई करू नये. बाहेर आलेल्या तेलात बोटे घालून पाहिले तर करडी, पिठासारखी बारीक भुकटी नव्या इंजिनात आढळते आणि ती चिंतेची नसते. चकाकणारे तुकडे किंवा पापुद्रे आढळले, तर काम थांबवून जाणकाराला दाखवावे. फिल्टर काढताना तो कोणत्या बाजूने बसला होता, स्प्रिंग कुठे होती, हे मोबाइलवर टिपून ठेवावे. काही इंजिनांत कागदी फिल्टर उलटा बसू शकतो, आणि तसा बसला तर तेलाचा प्रवाह अडून इंजिन निकामी होते. गाळणी असेल तर ती रॉकेलने धुऊन, सुकवून परत बसवावी. बोल्टखालचा वायसर नवा घालावा. तो दाबला जाऊनच गळती थांबवतो, म्हणून जुना वायसर वापरून गळती होऊ लागली की माणूस बोल्ट आणखी आवळतो आणि पुन्हा आट्यांची कथा सुरू होते.

तेल किती घालायचे याचे पुस्तकात अनेकदा तीन आकडे असतात: नुसते तेल बदलल्यावर, फिल्टरसह बदलल्यावर आणि इंजिन पूर्ण उघडल्यावर. तिसरा आकडा सर्वांत मोठा असतो आणि नवख्याची नजर नेमकी त्याच्यावर पडते. योग्य आकड्यापेक्षा थोडे कमी घालून इंजिन एक-दोन मिनिटे चालवावे, बंद करून दोन-तीन मिनिटे थांबावे आणि गाडी सरळ उभी धरून पातळी पाहावी. तेलाची पातळी मोजायची पट्टी आट्यांत फिरवून मोजायची की नुसती टेकवून, हे गाडीगणिक वेगळे असते. तेल वरच्या खुणेपेक्षा जास्त असणे हेसुद्धा इंजिनाला हानिकारक असते. जुने तेल गटारात किंवा मातीत ओतू नये. डब्यात भरून ते गोळा करणाऱ्या गॅरेजला द्यावे.

पाचवी पायरी : चेन

घरच्या देखभालीत सर्वांत जास्त पैसे चेनवर वाचतात, कारण निगा राखलेली आणि न राखलेली चेन यांच्या आयुष्यात फार मोठा फरक पडतो. साधारण दर ५०० किलोमीटरला आणि पावसात भिजल्यावर लगेच तिला तेल द्यावे. आधी रॉकेल आणि मऊ ब्रशने मळ काढावा. ओ-रिंगच्या, म्हणजे सांध्यांत रबरी कडी असलेल्या, चेनवर पेट्रोल वापरू नये. त्याने रबरी कडी खराब होतात आणि आतले वंगण निघून जाते. चेन कोरडी पुसून तिच्या आतल्या बाजूने, कड्यांच्या सांध्यांवर, ९० नंबरचे गिअर ऑइल थेंब-थेंब सोडावे आणि उरलेले फडक्याने पुसून घ्यावे. चाक हातानेच फिरवावे. गाडी स्टँडवर घेऊन, गिअर टाकून, फिरत्या चेनला फडके लावणाऱ्यांची बोटे स्प्रॉकेटमध्ये जातात. हे काम इंजिन बंद ठेवूनच करायचे असते, याला अपवाद नाही.

ताण तपासताना चेन मधोमध वर-खाली हलवून पाहावी. पुष्कळ गाड्यांना २० ते ३० मिलिमीटर ढिलाई सांगितलेली असते, पण आपल्या पुस्तिकेतला आकडाच ग्राह्य धरावा. चेन सर्वत्र सारखी झिजत नाही. म्हणून चाक फिरवत चार-पाच ठिकाणी मोजावे आणि जिथे ती सर्वांत घट्ट असेल तिथला आकडा धरावा. ताण बदलताना अॅक्सलचा (चाकाच्या आसाचा) नट सैल करून दोन्ही बाजूंचे समायोजक सारख्याच खुणेवर आणावेत, अन्यथा चाक तिरके बसते. चेन जरा सैल असणे परवडते. जास्त घट्ट चेन गिअरबॉक्सचे बेअरिंग खाते.

संच बदलायची वेळ झाली का, हे कळण्याची सोपी खूण आहे. मागच्या स्प्रॉकेटच्या सर्वांत मागच्या बिंदूवर चेन बोटांनी धरून मागे ओढावी. दात अर्ध्याहून जास्त उघडा दिसला, किंवा दात वाकून अणकुचीदार झाले असले, तर संच बदलावा आणि तो पूर्ण बदलावा. झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवी चेन घातली की तीही लवकरच झिजते. क्लिपचे कडे असेल, तर क्लिपची बंद बाजू चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला यावी.

सहावी पायरी : फिल्टर, प्लग, बॅटरी

ही कामे झटपट होतात. फोमचा एअर फिल्टर धुऊन, सुकवून, त्याला फिल्टरचे तेल लावून पुन्हा वापरता येतो. कागदी फिल्टर धुऊ नये. कमी दाबाची हवा आतून बाहेर मारावी आणि मुदत झाली की बदलावा. प्लग इंजिन थंड असताना काढावा आणि बसवताना सुरुवातीचे सगळे आटे हातानेच फिरवावेत. टेकल्यावर नवा प्लग साधारण अर्धा फेरा आवळावा. वापरलेला पुन्हा बसवत असाल तर फेऱ्याचा बारावा हिस्सा पुरतो. टोक फिकट तपकिरी असेल तर सर्व ठीक आहे. कोरडे काळे असेल तर पेट्रोलचे प्रमाण जास्त आहे किंवा एअर फिल्टर तुंबला आहे. तेलकट काळे असेल तर इंजिन तेल जाळत आहे.

बॅटरी बदलण्यापूर्वी मल्टिमीटर लावावा. गाडी काही तास बंद राहिल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा दिसला तर ती पूर्ण भरलेली असते; १२ च्या खाली असेल तर उतरलेली. इंजिन चालू करून थोडे रेझ केल्यावर आकडा साधारण १३.५ ते १४.५ मध्ये आला पाहिजे. आला नाही, तर दोष चार्जिंगचा आहे आणि नवी बॅटरीही आठवड्याभरात उतरेल. तारा काढताना आधी ऋण टोक काढावे आणि जोडताना ते शेवटी जोडावे.

सातवी पायरी : ब्रेक

डिस्क ब्रेकचे पॅड बदलणे अवघड नाही, पण पहिल्यांदा करताना जाणकार शेजारी उभा असावा. पॅडवरची खूण नाहीशी झाली असेल किंवा पुस्तिकेतल्या मर्यादेपर्यंत जाडी उतरली असेल, तर दोन्ही पॅड एकदम बदलावेत. पिस्टन मागे ढकलण्यापूर्वी तो बाहेरून साफ करावा, ब्रेक ऑइलच्या टाकीचे झाकण उघडे ठेवावे आणि तिथून ऑइल बाहेर सांडत नाही ना यावर लक्ष ठेवावे, कारण ते रंग खाते. ब्रेक ऑइल डॉट ३ या श्रेणीचे असो वा डॉट ४, हवेतले पाणी शोषून घेते आणि त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. साधारण दोन वर्षांनी ते बदलावे आणि नेहमी सीलबंद, छोटा डबा घ्यावा. डॉट ५ सिलिकोनचे असते आणि ते इतरांत मिसळत नाही. काम झाल्यावर लिव्हर दाबून-दाबून कडक होईपर्यंत गाडी जागेवरून हलवू नये.

कोणते काम गॅरेजला द्यावे

क्लच प्लेटा, फोर्कची सीले, चाकाची रिम सरळ करणे आणि इंजिन उघडून करायची सगळी कामे सुरुवातीची दोन-तीन वर्षे मेकॅनिकनेच करावीत. तरीही मजुरी कमी करता येते. टायर बदलायचा असेल, तर चाक घरी काढून फक्त चाकच दुकानात न्यावे. काढण्यापूर्वी दोन्ही बाजूंच्या स्पेसरचा (चाकाचे अंतर राखणाऱ्या छोट्या नळ्यांचा) फोटो घ्यावा, कारण त्यांची लांबी सहसा वेगवेगळी असते. टायरच्या बाजूवरचा बाण चाक पुढे फिरण्याच्या दिशेला आहे हे दुकानातून निघण्यापूर्वी पाहावे. चाक परत बसवून अॅक्सलचा नट टॉर्क रेंचने आवळावा, मागचे चाक असेल तर चेनचा ताण मोजावा, ब्रेक दाबून पाहावा, आणि पन्नासेक किलोमीटर झाल्यावर या तिन्ही गोष्टी पुन्हा एकदा तपासून किलोमीटरच्या आकड्यासह वहीत नोंदवाव्यात.